पुढच्या चाकाची घरघर

प्रश्न : आमची जुनी फोर-व्हील जीप बालाघाटच्या डोंगरवाटांवर आणि पावसाळ्यात ओढ्यांतून चालते. हल्ली वेग वाढला की पुढून घरघर ऐकू येते. बेअरिंग बदलावे का? — एक वाचक, बीड

उत्तर : उजवीकडे वळताना आवाज वाढत असेल तर संशय डाव्या चाकावर घ्यावा, कारण वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो. खात्रीसाठी पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवावा आणि चाक वर-खाली धरून हलवावे. ब्रेक दाबताच प्ले (चाकाची ढिली हालचाल) नाहीसा झाला तर दोष बहुधा बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा (ज्या खिळीवर पुढचे चाक वळते तिचा) समजावा.

ओढ्याचे पाणी आणि काळ्या मातीचा चिखल सीलमधून (बेअरिंग झाकणाऱ्या कडीतून) आत शिरला की ग्रीस पांढरट होते आणि बेअरिंगमधले रोलर गंजतात. अशा वेळी नुसते ग्रीस भरणे म्हणजे पैसा वाया घालवणे. हबमधली (चाकाच्या मधल्या भागातली) जुनी रेस, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात ते कडे, ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये; आतले-बाहेरचे दोन्ही बेअरिंग, रेस आणि सील एकदमच बदलावेत. ग्रीस रोलरांच्या फटींत दाबून भरावे, चाक फिरवत नट आवळावा, मग किंचित सैल करून पुस्तिकेतील मापानुसार लॉक करावा. पहिल्या फेरीनंतर, ब्रेक चिकटत नसतानाही हब फार तापलेला आढळला, तर नट जास्त आवळला गेला आहे.