पहिलं पाऊल कुणी पाहिलं?

"मॅडम, माझ्या पोराचं पहिलं पाऊल मला खोटं दाखवलं."

खुर्चीत नीट बसायच्या आधीच ती हे बोलली आणि मग पाच मिनिटं काहीच बोलू शकली नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या या समुपदेशनाच्या खोलीत नोकरी करणाऱ्या तरुण आया येतात. नाव-गाव, नोकरी वेगळी असली तरी बहुतेकींची चिंता एकच असते. बाळाचं सगळं पहिलंवहिलं आपल्या पाठीमागे घडतंय, मग आई म्हणून आपण कमी पडतोय का? हिचीही तीच चिंता होती, फक्त फार दुखऱ्या जागेवरून आलेली. तिची गोष्ट मी तिच्या आणि तिच्या सासूबाईंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

ती अंबडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. नवरा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. बाळंतपणाची रजा 2017च्या दुरुस्तीने 12 आठवड्यांची 26 झाली, पण तिचे काही आठवडे बाळंतपणाआधीच संपले होते. बाळ पाच महिन्यांचं असताना ती कामावर रुजू झाली. सासूबाई निफाडकडच्या. घर, शेत, गुरं नवऱ्यावर आणि दिरावर सोपवून त्या नातवासाठी पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिल्या.

ठरवून होणाऱ्या गोष्टी तिने एकही चुकवली नव्हती. उष्टावण, बोरन्हाण, सगळ्याला ती होती. हलव्याचे दागिने रात्री जागून स्वतः केले होते. पण बाळ काही तिथी पाहून रांगत नाही. पहिला दात आजीला कळला, पेज भरवताना चमचा टण् वाजला म्हणून. आधाराशिवाय बसला, तोही एका बुधवारी सकाळी अकराला. तिला प्रत्येक वेळी कंपनीच्या बसमध्ये फोनवर बातमी मिळायची.

मग एका रविवारी संध्याकाळी, तेराव्या महिन्यात, बाळ सोफा सोडून चार पावलं टाकत तिच्या मांडीत येऊन पडलं. ती रडली, हसली, नवऱ्याने केलेला व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सासूबाई बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "आईसाठीच थांबला होता बघ." आणि पंधरा दिवसांनी शेजारच्या काकू सहज बोलून गेल्या, "अगं, त्या आधीच्या मंगळवारीच तर आमच्या दारापर्यंत चालत आला होता की!"

चार दिवस तिने सासूबाईंशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पाचव्या दिवशी माझ्याकडे आली.

पहिल्या भेटीत मी घाई केली, हे मला आजही बोचतं. तिला लगेच समजवायला लागले की चालणं एका क्षणात होत नसतं. ती ऐकत राहिली, पण तिचा चेहरा मिटत गेला. मग मी थांबले आणि विचारलं, "सगळ्यात जास्त काय लागलं?"

"मंगळवारचं पाऊल नाही हो. सगळ्या मजल्याला माहीत होतं आणि मी एकटीच टाळ्या वाजवत होते." मग जरा वेळाने, अगदी हळू, "आणि तो दिवसभर आजीजवळ हसत असतो. मी दारात आले की भोकाड पसरतो. त्याला मी नकोशी झालेय का?"

ती आत घेऊन आलेली गोष्ट ही होती. पावलाचं निमित्त होतं.

दाराशी रडणाऱ्या मुलाबद्दल मला अगदी ठामपणे सांगायचं आहे, कारण आया हे ऐकून घेतच नाहीत. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत मुलाला जवळच्या माणसाच्या ताटातुटीची भीती जास्त वाटते. दिवसभर ते ती सांभाळून धरतं. जिच्याजवळ धरून ठेवायची गरज नाही ती माणूस दारात दिसली की बांध फुटतो. ते रडणं तक्रारीचं असेल, पण परकेपणाचं नक्की नसतं. आजीवर जीव लागला म्हणून आईच्या वाट्याचा कमी होतो, असंही नाही. मूल एकापेक्षा जास्त माणसांना घट्ट धरू शकतं, आणि तशी माणसं घरात असणं हे त्याचं भाग्यच.

दुसऱ्या वेळी मी सासूबाईंना बोलावलं. त्या नऊवारीचा पदर डोक्यावरून घेऊन खुर्चीच्या कडेला बसल्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "चुकलं माझं. पण ताई, याचा बाप पहिल्यांदा चालला तेव्हा मी कांद्याच्या लागणीला होते. नणंद बांधावर सांगत आली. मी तशीच चिखलाच्या पायाने घरी पळाले, तर हा झोपलेला. कुणी मला म्हणालं नाही की बाई, तुझं काय राहिलं. तेव्हाच मनात होतं, सुनेचं असं होऊ द्यायचं नाही. ते पाऊल तिच्या वाट्याचं होतं. मी कसं ठेवून घेऊ?"

सून खाली मान घालून ऐकत होती. तिने सासूबाईंना विचारलं, "तुम्ही मला हे कधी सांगितलं नाही, आई."

"तू कधी विचारलं?" त्या म्हणाल्या. रागाने नाही.

तोवर मी शिकले होते, म्हणून आकडे या भेटीत शेवटी काढले. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये 12 ते 19 महिन्यांच्या मुलांची पावलं मोजली होती. मोकळं खेळताना मूल तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतं आणि 17 वेळा पडतं. हे ऐकून सासूबाई पहिल्यांदा हसल्या. "म्हणूनच माझी कंबर गेली!" सून मनातल्या मनात गुणाकार करत असावी. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे माझं एक गेलं."

"आणि सतरा वेळा पडतं, त्यातल्या किती वेळा उचलायला तू असतेस?" मी विचारलं. रात्रीचं, पहाटेचं, रविवारचं सगळं तिने स्वतःच मोजायला घेतलं.

आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. एक, यापुढे लपवायचं नाही. दिवसभरात जे नवं झालं ते आजींनी संध्याकाळी सांगायचं, पण निकालासारखं नाही, गोष्टीसारखं. कुठे उभा होता, काय धरलं होतं, पडला तेव्हा कुणाकडे पाहिलं. दुसरं, घरात आल्यावर हातपाय धुऊन ती पहिला अर्धा तास फरशीवर बसेल. पर्स आतल्या खोलीत, फोन पर्समध्ये, कणीक अर्धा तास उशिरा. रडला तर रडू द्यायचं, मांडीवर घेऊन. पहिल्या आठवड्यात तो रोज रडला. दुसऱ्या आठवड्यात रडून झालं की पातेल्याचं झाकण आणून तिच्या हातात द्यायला लागला.

इथे एक सांगायलाच हवं. कुणी आधी पाहिलं याची चिंता आणि मूल खरंच मागे आहे का ही चिंता, या दोन वेगळ्या आहेत. दुसरीला मी कधीच हलक्यात घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 मध्ये जो काळ दिला, त्यात आधाराशिवाय चालण्याचा पल्ला 8.2 ते 17.6 महिने इतका लांब आहे. त्यामुळे शेजारचं मूल दहाव्या महिन्यात चाललं म्हणून आपल्या बाराव्या महिन्यातल्या मुलाला चाकाच्या वॉकरमध्ये कोंबू नये. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट उशीर होऊ शकतो आणि अपघात होतात. कॅनडाने 2004 मध्येच त्यांवर बंदी घातली आहे. पण दीड वर्ष झालं तरी मूल चालत नसेल, किंवा येत असलेली एखादी गोष्ट करायचं सोडून देत असेल, तर "बापही उशिरा चालला होता" म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मेच्या सुरुवातीला उन्हाळ कांदा काढायला सासूबाई आठ दिवस निफाडला गेल्या. सुनेने रजा टाकली. सहाव्या दिवशी ती माझ्याकडे बाळाला घेऊनच आली. तो खोलीभर फिरत होता, माझ्या टेबलाला दोनदा धडकला. ती त्याच्याकडे पाहत म्हणाली, "काल आईंची चप्पल दारात दिसली आणि हा स्पष्ट म्हणाला, 'आजी'. पहिल्यांदा. मॅडम, त्यांना फोन करून सांगू, की त्या आल्यावर त्यांनाच पहिल्यांदा ऐकू दे?"

मी काही बोलले नाही. ती बाळाला कडेवर घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसली. दार उघडंच होतं. फोन लागल्यावर तिचा आवाज ऐकू आला, "आई, कांदे राहू द्या जरा. काल दुपारची गोष्ट सांगते. मी दार झाडत होते, आणि हा..."