डब्यातली साखर

प्रिय चिमणे,

सकाळी शाळेच्या घाईत तू विचारलंस, "बाबा, शेजारच्या आजींचा डबा धुऊन झाला होता, मग त्यात साखर का घातलीस? त्यांना वाटेल, त्यांचा केक गोड नव्हता!" मी "रात्री सांगतो" म्हणालो आणि घरी यायलाच मला उशीर झाला. शनिवारच्या मराठी शाळेमुळे आता तुला जोडाक्षरंसुद्धा वाचता येतात, म्हणून लिहूनच ठेवतो.

आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात दुसरं काही नसेल तर चमचाभर साखर घालतात. मला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं, कारण भांडी पोचवायचं काम माझ्याकडेच होतं. सांगलीच्या आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं होती. थालीपीठ लावलं, कुणाकडून चीक आला आणि खरवस केला, सणाला पुरणपोळ्या झाल्या, की तुझी आजी एका ताटलीवर दुसरी पालथी घालून माझ्या हातात द्यायची. "समोरच्या काकूंना देऊन ये. सांग, गरम आहे तोवर खा."

काकू म्हणायच्या, "थांब हं, ताटली मोकळी करून देते." मी उंबऱ्याशी उभा राहायचो. त्या दोन मिनिटांत त्यांचं घर मला कळायचं. फोडणीचा वास, रेडिओवरच्या बातम्या, काकांचा खोकला वाढलाय की कमी झालाय, ताईची परीक्षा जवळ आलीय का. घरी आलो की आजी ताटलीच्या आधी हेच विचारायची, "काय म्हणत होत्या?" आणि ताटलीत कधी मूठभर भडंग असायचं, कधी कैरीच्या लोणच्याची फोड, महिनाअखेर असली की साखर. ती इतकी थोडी असायची की ताटली जरा कलली तरी सगळी एका कडेला घसरायची. मी दोन्ही हातांनी धरून, खाली बघत, अंगण ओलांडायचो.

आपल्या स्वयंपाकघरातला तो जुना स्टीलचा डबा आठव. त्याच्या बुडाशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं आहेत, तू एकदा बोट फिरवून बघितली होतीस. ते आजीचं नाव. भांड्यांच्या दुकानात नवीन भांडं घेतलं की तिथेच नाव घालून द्यायचे, खर्र खर्र आवाज करणाऱ्या मशीननं. भांडी इतकी घरोघर फिरायची की नाव नसेल तर कुणाचं कुठलं ते कळायचंच नाही.

मी पाचवीत होतो तेव्हा तुझ्या आजोबांचं मिरजेला ऑपरेशन झालं. आजी दिवसभर दवाखान्यात आणि मी घरी. त्या दिवसांत आमची चूल जवळजवळ पेटलीच नाही, तरी एक वेळ मी उपाशी राहिलो नाही. आजोबा घरी आले तेव्हा ओट्यावर सात डबे साठले होते. आजीनं एकेक डबा पालथा करून नाव वाचलं, घासला, पुसला. साखरेचा डबा उघडला तर त्यात काही नव्हतं. औषधांपायी पैसे संपले होते, त्यामुळे ती आणणार तरी कुठून. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग परसात गेली, गवती चहाची पाती कापून आणली, दुमडून प्रत्येक डब्यात चार-चार घातली आणि झाकणं लावली. मी सातही डबे देऊन आलो. संध्याकाळी वाड्यात घराघरातून गवती चहाचा वास येत होता. आजोबा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "आज सगळ्यांकडे आपलाच चहा दिसतोय." ऑपरेशननंतर ते हसलेले मी पहिल्यांदा तेव्हा पाहिले.

म्हणून त्या साखरेला तू केकचा मोबदला समजू नकोस. तेवढ्या साखरेनं केकची फेड होत नाही, आणि ती करायचीही नसते. दसऱ्याला तू आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवून "सोनं घ्या" म्हणतेस, तेव्हा मी कुठे त्याचा भाव विचारतो!

गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, इथे लंडनमध्ये आपल्याला ओळखणारं कुणीच नाही. ते मला फार लागलं. पण त्यानंतर दोनच दिवसांनी त्या आजी काठी टेकत, पावसात, केक घेऊन आपल्या दाराशी आल्या.

डबा टेबलावर ठेवलाय. उद्या शाळेतून आलीस की तूच नेऊन दे. साखर का, ते तुझ्या इंग्रजीत त्यांना सांग, मला तितकं नीट जमणार नाही. त्या "आत ये" म्हणाल्या तर जा. आणि त्यांचा गुडघा कसा आहे, तेवढं विचारून ये.

तुझा,
बाबा