ड्रोन आणि पाणी: सुरुवातीला एवढं सांभाळा

आधी एक गैरसमज काढून टाका. बहुतेक हौशी ड्रोन वॉटरप्रूफ नसतात. बॉडीला हवा खेळायला जाळ्या असतात, आणि तिथूनच पाणी थेट आतल्या सर्किट बोर्डावर जातं. मोटर थोडंफार पाणी सोसते. गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) आणि बोर्ड नाही. त्यामुळे पहिला थेंब पडला की ड्रोन खाली. 'एवढा शॉट घेतो' म्हणालात की संपलं!

धुकं आणि दव हेही पाणीच. ओल्या गवतावरून उडवू नका, पंख्यांचा वारा तुषार वर उडवतो. लँडिंग पॅड (ड्रोन उतरवायची चटई) अंथरा. तलावावर फार खाली जाऊ नका. लाटा आणि चकाकीमुळे खालचे सेन्सर फसतात, उंची चुकते.

तरीही भिजलाच तर:

१. लगेच बंद करून बॅटरी काढा. ओल्या बोर्डात वीज वाहिली की गंज झपाट्याने धरतो.
२. खारं पाणी असेल तर, बॅटरी काढल्यावरच, डिस्टिल्ड वॉटरने धुवा. सुकल्यावरही मीठ आत राहतं आणि तेच बोर्ड खातं.
३. पाणी निथळू द्या, पंख्यासमोर ठेवा, मग सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे दाणे) हवाबंद डब्यात किमान दोन दिवस. तांदळाचा फारसा उपयोग नाही, वर पिठूळ धूळ आत जाते. हेअर ड्रायरची गरम हवा नकोच.

भिजलेले बरेच ड्रोन मरतात ते 'चालतोय का बघू' म्हणून मध्येच चालू केल्यामुळे. पाण्यात बुडालेली बॅटरी मात्र वाळली तरी चार्ज करू नका, ती पेटू शकते. उघडून साफ करणं सध्या राहू द्या.