आधी सांगाडा, मग रंगरंगोटी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या गणेश मंडळाचं वेबपान करायला घेतलंस ते छान केलंस, पण सगळी मांडणी टेबलात कोंबलीयेस, ती आधी मोड. टेबल फक्त आरतीच्या वेळापत्रकाला. बाकी मथळ्याला मथळ्याचा टॅग (हा मथळा आहे असं ब्राउझरला सांगणारी खूण), परिच्छेदाला परिच्छेदाचा. सीएसएस, म्हणजे रंगरूपाचे नियम, काढून टाकलं तरी पान वरून खाली सरळ वाचता आलं पाहिजे.

एक्सएचटीएमएल १.० ही वेबपानं लिहायच्या एचटीएमएल भाषेची कडक शिस्तीची आवृत्ती, २००० सालची. नवं काम एचटीएमएल५ मध्येच कर. तरी तिची जुनी शिस्त सोडू नकोस: टॅग छोट्या अक्षरांत, आणि उघडला तो बंद केलाच पाहिजे. पहिल्या ओळीत डॉकटाइप (पान कुठल्या एचटीएमएलचं ते सांगणारी घोषणा) हवंच, नाहीतर ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये जातो, म्हणजे जुन्या ब्राउझरांच्या खोडींप्रमाणे पान दाखवतो, आणि मग बस शोधत, काय कुठे सरकलं ते.

रुंदीचं गणित कागदावर कर. मजकुराची विड्थ ३००, दोन्ही बाजूंना पॅडिंग (आतली मोकळी जागा) २० आणि बॉर्डर (कड) १ म्हणजे खोका ३४२ पिक्सेलचा. ३०० च्या जागेत मावणार कसा? सीएसएसमध्ये बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स दिलंस की पॅडिंग-बॉर्डर त्या ३०० मध्येच धरतात, सुटलास.

आणि मराठीला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमध्ये जादा जागा) अजिबात नको! शिरोरेषा तुटते, ‘गणेशोत्सव’ दात पडल्यासारखा दिसतो. लाइन-हाइट (ओळीची उंची) मात्र अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास ठेव, नाहीतर वरच्या ओळीतले उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. पानाच्या कोडमध्ये भाषा एमआर (मराठीची खूण) लिही. वडोदऱ्यात गुजराती मजकूर येणारच, तेवढ्या भागाला गुजरातीची खूण जीयू.

मग पान डब्ल्यूथ्रीसीच्या (वेबचे नियम ठरवणारी संस्था) व्हॅलिडेटरमधून काढ, तो कोडमधल्या चुका दाखवतो. चुकांची रांग बघून घाबरू नकोस. पहिली दुरुस्त कर, बऱ्याचशा तिच्याचमुळे असतात.