गझलेचा ग्रुप काढतेयस? मग एवढं कर

व्हॉट्सॲप ग्रुपात १०२४ माणसं मावतात म्हणून भरत सुटू नकोस. पंधरा-वीस जण पुरे, पण लिहिते हवेत. सुप्रभातची फुलं पहिल्या दिवसापासून बंद. कुणी रुसलं तर रुसू दे.

खरी मेहनत प्रतिसादांवर घे. ‘वाह, क्या बात!’ने ग्रुप खेळीमेळीचा वाटतो, पण नवख्याच्या हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा नेमकं सांगायची सवय लाव: ‘मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, सावली-पावली असं यमक बांधलंस, म्हणून चौथ्या शेरात कोवळी बसत नाही, धावली बघ.’ किंवा भुजंगप्रयात वृत्त असेल तर लगागा (लघू-गुरू-गुरू) चार वेळा मांडून कुठे लघूच्या जागी गुरू आलाय ते दाखवायचं. बोट ओळीवर ठेवायचं, माणसावर नाही. आणि आधी एखादा आवडलेला शेर, तोही का आवडला ते सांगून.

सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ नवोदितांसाठीच लिहिली. ती ग्रुपात आलेल्या प्रत्येकाला वाचायला सांग, म्हणजे काफिया (यमक) आणि रदीफ (यमकामागून जसाच्या तसा परत येणारा शब्द) रोज नव्याने समजवावं लागणार नाही.

आठवड्याला एकच तरही मिसरा (सगळ्यांनी जिच्यावरून गझल लिहायची ती ओळ) दे, शक्यतो सोप्या वृत्तातला. गझल टाकायची तर आधी दोघांच्या गझलांवर लिहायचं, हा नियम मात्र सगळ्यांना सारखा, अगदी संग्रह निघालेल्या ज्येष्ठांनाही. (तेच जास्त चुकवतात!) लाजऱ्यांची चूक चारचौघांत काढू नकोस, सुरुवातीला वेगळा मेसेज कर. आणि ग्रुपातली गझल कवीला न विचारता, नाव गाळून पुढे ढकलली, तर पहिल्याच वेळी त्या माणसाला बाहेर काढ.