आधी झाकण उघड

बेटा,

परवा तू दुकानात आली, बॅगेतून ओढणीत गुंडाळलेला लॅपटॉप काढला, काउंटरवर ठेवला आणि पहिलंच वाक्य काय बोलली तर "काका, हा भंगारात किती जाईल?" समोर गिऱ्हाईक होतं म्हणून मी काही बोललो नाही, ठेवून जा म्हटलं आणि तू गेली. पण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. तुझ्या तात्यांनी तो लॅपटॉप तीन वर्षांपूर्वी माझ्याकडूनच नेला होता, सेकंडहँड, निम्मे पैसे तेव्हा आणि निम्मे कापूस विकल्यावर, आणि कापूस विकला त्याच दिवशी ते धरणगावहून एस्टीने येऊन पैसे देऊन गेले होते. म्हणून एवढं लांब लिहितोय. व्हॉट्सअॅपवर आहे, सावकाश वाच.

तू हुशार आहे, सगळं नीट होईल वगैरे मी लिहिणार नाही, ते तुला माहितीये. मला राग कशाचा आला ते सांगतो. तू मला तीन जणांची मतं सांगितली. युट्यूबवरचा एक म्हणतो विंडोज ११ चालत नाही म्हणजे मशीन मेलं. मैत्रिणीचा भाऊ म्हणतो कोडिंग करायचं तर मॅकबुकच पाहिजे. आणि पुण्यातला क्लासवाला म्हणतो ग्राफिक कार्डवाला घ्या, आमच्या एआयच्या कोर्सला लागतो, आणि त्या कोर्सची फी म्हणजे तात्यांचा एक अख्खा हंगाम. तिघांची मतं तुला तोंडपाठ, आणि तीन वर्षांत त्या लॅपटॉपचं मागचं झाकण तू एकदाही उघडलेलं नाही!

तात्या कापूस विकायला नेतात तेव्हा जिनिंगवर व्यापारी काय करतो पाहिलंय ना? गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, आतला कापूस ओढून काढतो, ओल बघतो, मग भाव बोलतो. वरचा पांढराशुभ्र थर बघून कोणी भाव बोलत नाही. मला तुला एवढंच सांगायचंय, आणि मी ते चार वेळा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच. आधी उघडून बघ. मग मत दे, मग पैसे दे.

मी काल रात्री दुकान बंद केल्यावर तुझा लॅपटॉप उघडला. पंख्यात कापसाचा तूस इतका बसलेला की चिमट्याने ओढला तर नमद्यासारखा अख्खा पापुद्रा निघाला, तुमच्या घरामागेच जिनिंग, दिवाळीपासून मार्चपर्यंत हवेत तेच उडतं, दुसरं काय होणार. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर न्यायला लावतात तो लेप, वाळून खडूसारखी झालेली. आता आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असते, त्यात तू तो गादीवर ठेवून वापरते, खालून हवा बंद, आतून तूस, मग प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला स्वतःच स्पीड कमी करतो. तू म्हणते "स्लो झालाय". तो स्लो झाला नाही, गुदमरू राहिलाय. पुढे बघ, हार्डडिस्क जुनी फिरणारी, ५४०० आरपीएमवाली. रॅम ४ जीबी, आणि शेजारचा दुसरा स्लॉट पूर्ण रिकामा! तीन वर्षं रिकामा! एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क टाकली आणि रॅमची एक पट्टी टाकली तर हे मशीन तुझं कॉलेज संपेपर्यंत आरामात चालेल. हे मी अंदाजाने सांगत नाहीये, आत बघून सांगतोय.

आता विंडोज ११ चं. ते तुझं मशीन नको म्हणतं कारण मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत आणि तुझा आय-फाईव्ह सहाव्या पिढीचा. टीपीएम २.० पण लागतं, ती किल्ल्या सांभाळणारी छोटी चिप, आणि गंमत म्हणजे ती तुझ्या मशीनमध्ये आहे, मी बघितली, फक्त प्रोसेसर यादीत नाही. म्हणजे काही मोडलेलं नाही, एका यादीने तुला बाहेर ठेवलंय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्या रात्री एकाही लॅपटॉपमधून धूर निघाला नाही. पण हेही खरं की सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या मशीनवर बँकेचं काम करणं मूर्खपणा आहे, ते मी तुला करू देणार नाही. घरगुती मशीनला नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात, तेवढा वेळ आहे. बाजारात काही जण यादीला बगल देऊन ११ टाकून देतात, चालतं पण, मी गिऱ्हाइकाला टाकून देत नाही कारण उद्या अपडेट थांबले तर तो माझ्याच दारात येणार आणि मी काय सांगू?

तुझ्यासाठी माझं मत लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम. लगेच इन्स्टॉल करू नको, पेनड्राइव्हवर घे, त्यावरून चालू कर, हार्डडिस्कला हात न लावता दोन दिवस वापरून बघ, वायफाय चालतं का, आवाज येतो का, कॉलेजचा प्रिंटर घेतो का. पायथन, जावा, सी, डेटाबेस, तुला बीएससीला जे लागतं ते सगळं तिथं आहे. उगाच लिनक्सचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. गिऱ्हाइकाकडे टॅली असेल तर मी त्याला विंडोजच देतो. इथं जळगावात गोलाणी मार्केटच्या आसपास लग्नपत्रिका करणारे डीटीपीवाले अजून जुन्या पेजमेकर आणि श्रीलिपीवर बसलेत, त्यांची सगळी कामं त्या फॉन्टमध्ये, त्यांना लिनक्स दे म्हणणं म्हणजे त्यांचं पोट काढून घेणं. ज्याचं काम जसं तसं मशीन. पण तुझं काम शिकायचं आहे, आणि शिकणाऱ्याला आत बघू देणारी वस्तू पाहिजे.

आत बघू देणारी म्हणजे काय ते सांगतो. लिनक्सचा कोड कोणालाही उघडून वाचता येतो. मार्च २०२४ ची गोष्ट. अँड्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. त्याच्या लक्षात आलं की लिनक्स मशीनवर एसएसएचने, म्हणजे लांबून सुरक्षित आत शिरायच्या पद्धतीने, लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तू आणि मी म्हटलं असतं नेट स्लो असेल. त्याने सोडलं नाही, खोदत गेला, आणि खाली सापडलं की एक्सझेड नावाच्या साध्या फाइल दाबायच्या टूलमध्ये कोणीतरी चोरदरवाजा ठेवलाय, दोन वर्षांहून जास्त काळ गोड बोलून, मदत करून, विश्वास कमावून ठेवलेला. जगभरच्या सर्व्हरवर पोचायच्या आधी पकडला गेला. फ्रॉइंड कोणत्या कोर्सला होता म्हणून तो चोरदरवाजा पकडला गेला का? त्याला प्रश्न पडला आणि त्याला उघडून बघता आलं, म्हणून. हे वाचल्यावर मी त्या रात्री झोपलो नव्हतो, खरं सांगतो.

आणि आता माझी गोष्ट, जी मी दुकानात कोणाला सांगत नाही.

२००८ साल असेल. तेव्हा मी फॉरमॅटवाला होतो, तीनशे रुपये, एक्सपीची सीडी, तासाभरात मोकळा. एक सर आले, खेड्यावरच्या शाळेतले, कॉम्प्युटर मध्येच निळा पडतो म्हणाले. मी विचारलं डेटा आहे का, ते म्हणाले, थोडे फोटो आहेत. मी ते "थोडे" ऐकलं आणि "फोटो" ऐकलंच नाही. फॉरमॅट मारला, विंडोज टाकली, पैसे घेतले. चौथ्या दिवशी सर परत, पुन्हा निळा. तेव्हा मी पहिल्यांदा कॅबिनेट उघडलं. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळे पडलेले. शाळेतल्या खोडरबरने घासले, परत बसवली, मशीन सुरू, नंतर कित्येक वर्षं चाललं म्हणे. दोन मिनिटांचं काम होतं. मग सर हळूच म्हणाले, फोटो येतील का हो, मंडळी वारली मागच्या वर्षी, त्यांचे होते.

चार रात्री बसलो रिकव्हरीला. वर नवीन विंडोज बसलेली, काय येणार? सतरा फोटो आले, त्यातले बरेच अर्धे, वर चेहरा आणि खाली करडा पट्टा. सर म्हणाले जाऊ द्या. आणि वरून विचारलं, किती झाले? मी पैसे घेतले नाहीत पण त्याने काय होतं.

त्यानंतर मी उघडून बघितल्याशिवाय एकही मशीन फॉरमॅट केलं नाही, आणि बॅकअप काढल्याशिवाय तर नाहीच. मला लोक हेकट म्हणतात. समोरचा अर्ध्या तासात देतो आणि हे काका दोन दिवस ठेवतात, असं म्हणून गिऱ्हाइकं गेली, पुष्कळ गेली, घरातही यावरून बोलणी झाली. पण मी बदललो नाही, आणि बदलणार पण नाही. त्या काळात मदरबोर्डचे कपॅसिटर फुगायचे, खराब माल जगभरच्या बोर्डांवर गेला होता, होलसेलवाले सांगायचे बोर्ड बदला. मी भिंग लावून बघायला लागलो, टोपी फुगलेले चार-पाच कपॅसिटर काढायचे, नवीन डाकायचे, बोर्ड चालू. शेतकऱ्याच्या पोराचे काही हजार वाचायचे. हे काम छोटं असेल, पण मी ते उघडून बघून केलं.

मॅकबुकचं विचारलं होतं तू. वाईट मशीन नाही ते, नोव्हेंबर २०२० मध्ये एम-वन चिप आली तेव्हा मीच थक्क झालो होतो, पंख्याशिवाय एवढं काम. पण त्याची रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली, आज ८ जीबीचं घेतलं तर शेवटपर्यंत ८. आता बऱ्याच पातळ विंडोज लॅपटॉपमध्ये पण रॅम बोर्डावरच डाकून देतात. आणि रॅमचा भाव बघते आहे ना? जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांची, आणि त्यांना एआयच्या सर्व्हरला माल देण्यात जास्त पैसा. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाचा ब्रँडच बंद करतोय असं जाहीर केलं. २०११ ला थायलंडमध्ये पूर आला होता तेव्हा इथं जळगावात हार्डडिस्कचा भाव दुप्पट झालेला मी पाहिलाय. अशा दिवसांत रिकामा स्लॉट असलेलं मशीन तू भंगारात घालायला निघाली होती! माझ्याकडे जुन्या लॅपटॉपमधली ८ जीबीची चांगली पट्टी आहे, ती मी तुझ्यासाठी काढून ठेवलीये.

एआय सगळ्या नोकऱ्या खाणार म्हणून तू घाबरलीये, ते मला कळलं. १९ जुलै २०२४ आठव. क्राउडस्ट्राइक या सुरक्षेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा एक चुकीचा अपडेट गेला आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, आपल्याकडच्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. ती सुधरायला कित्येक ठिकाणी माणसाला एकेका मशीनपुढे बसून सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढावी लागली. मशीन आतून कसं चालतं हे कळणाऱ्याला काम मिळतं, एवढं माझं पक्कं मत आहे, पुढच्या वीस वर्षांचं मला विचारू नको.

आता पुण्याचं. इथं मला जरा अवघड जातं लिहायला. २००६ ला माझा डिप्लोमाचा दोस्त पुण्यात सर्व्हर रूममध्ये लागला, त्याने फोन केला, दोन दिवस ये, बघून जा, जागा आहे. मी फोनवरच नाही म्हटलं. दुकानाचं कर्ज होतं, वडिलांचा दमा होता, हे सगळं खरं आहे. मी लोकांना सांगतो की मी जळगाव सोडलं नाही कारण इथं माझी गरज होती, आणि होतीच, कोणीही विचारा. इथं राहिलो म्हणून एवढी मशीन वाचली, एवढी पोरं शिकून गेली. पण मी ते बघायला गेलो नाही बेटा. दोन दिवसांचं तर होतं, एस्टीचं भाडं पण दोस्त देत होता. बघून नाही म्हटलं असतं तर आज काही वाटलं नसतं. न बघताच नाही म्हटलं, ते अजून सलतं.

म्हणून मी तुला पुण्याला जाऊ नको असं सांगत नाहीये, नीट वाच. पैसे भरायच्या आधी जा असं सांगतोय. दोन दिवस जा, चालू वर्गात मागच्या बाकावर बस, शिकवणारा स्वतः काय काम करतो ते विचार, तिथून शिकून गेलेल्या दोन-तीन पोरांना क्लासवाल्याच्या पाठीमागे गाठ आणि विचार की ज्या कामाचं सांगितलं होतं ते लागलं का. बसू देत नसतील तर उत्तर तिथंच मिळालं, परतीची गाडी धर. बसू दिलं आणि आवडलं तर तात्यांशी मी बोलतो, ते माझं ऐकतात. पण ग्राफिक कार्डच्या नावाखाली आधी लॅपटॉप घ्यायला लावत असतील तर विचार की तुमच्या लॅबमध्ये काय आहे मग?

शनिवारी ये. सकाळी ये, दुपारनंतर गर्दी असते. मागचं झाकण मी बसवलेलं नाही, स्क्रू वाटीत काढून ठेवलेत, दोन लांब आहेत ते बिजागरीजवळचे, बाकीचे सारखे. तूस साफ केलाय पण पेस्ट लावलेली नाही, रॅम बसवलेली नाही, एसएसडी पण डब्यातच आहे. ते तू करायचं, मी शेजारी बसतो. चुकलं तर चुकलं. हार्डडिस्कवर तुझे फोटो आणि कॉलेजचं सगळं होतं, त्याची कॉपी कालच काढून ठेवलीये, दोन ठिकाणी.

तुझा,
दुकानवाला काका