वजनकाटा, बिलाचा प्रिंटर आणि जुनं मीटर वेगवेगळ्या यूएसबी-सिरीयल केबलांनी एकाच उबुंटू पीसीला लावायचंय. प्रत्येक केबलचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागेल का?

बहुतेक नाही लागणार. अशा केबलांचे ड्रायव्हर कर्नलसोबत, म्हणजे उबुंटूच्या गाभ्यासोबत, आधीच आलेले असतात. नेटवरून झिप उतरवत बसू नका. त्या उद्योगात मी एक अख्खा रविवार घालवलाय.

केबलवर छापलेल्या नावाला काही अर्थ नसतो, आतली चिप बघायची. केबल खोचून टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा चालवा, लावलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते. ०४०३:६००१ असा जोडक्रमांक दिसला तर एफटीडीआयची चिप, १ए८६:७५२३ म्हणजे सीएच३४०, १०सी४:ईए६० म्हणजे सीपी२१०२ किंवा तिचं भावंड. पहिला भाग उत्पादकाचा, दुसरा वस्तूचा. प्रत्येक ड्रायव्हर आपल्याला चालणाऱ्या क्रमांकांची यादी बाळगून असतो. एफटीडीआयच्या ड्रायव्हरची यादी तर शेकड्यांत जाते. केबल लावली की कर्नल तिचा क्रमांक पुकारतो आणि यूडेव्ह (जोडलेल्या वस्तू सांभाळणारा प्रोग्राम) यादीत जुळणारा ड्रायव्हर चढवतो.

घोळ होतो तो चिप ओळखीची पण क्रमांक अनोळखी असला की. काही मीटरवाले एफटीडीआयच्या चिपवर स्वतःचा क्रमांक घालतात. तेव्हा 'मॉडप्रोब' या आज्ञेने ड्रायव्हर हाताने चढवा आणि सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंगच्या 'सिस' फोल्डरात) त्या ड्रायव्हरच्या फोल्डरातल्या 'न्यू आयडी' फाईलमध्ये जोडक्रमांकाचे दोन्ही भाग, मध्ये स्पेस देऊन, रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून लिहा. पीसी रीस्टार्ट झाला की हे पुसलं जातं, म्हणून तेच काम यूडेव्हच्या नियमात टाकून ठेवा.

उबुंटू २२.०४ असेल आणि सीएच३४० क्षणभर दिसून गायब होत असेल, तर तिथे ड्रायव्हरचा दोष नाही. ब्रेल डिस्प्लेसाठीचं 'बीआरएलटीटीवाय' हे सॉफ्टवेअर तोच क्रमांक आपला समजून केबल बळकावतं. ब्रेल वापरत नसाल तर ते काढून टाका.

राहिला नावांचा प्रश्न, आणि दुकानात खरा ताप याचाच. उबुंटू केबलांना 'टीटीवाययूएसबी०', 'टीटीवाययूएसबी१' अशी नावं देतो; 'टीटीवाययूएसबी०' आज काटा असेल, उद्या प्रिंटर. जो आधी सापडेल तो शून्य. 'डेव्ह'मधल्या 'सिरीयल' फोल्डरात 'बाय-आयडी'खाली कायमची नावं मिळतात. पण स्वस्त सीएच३४० मध्ये सहसा सिरीयल नंबरच नसतो, दोन सारख्या केबला लावल्या की तिथेही गोंधळ. मग 'बाय-पाथ' वापरायचं, म्हणजे नाव पोर्टला चिकटतं, केबलला नाही. मी पीसीच्या मागे मार्करने 'काटा' आणि 'प्रिंटर' लिहून ठेवलंय, झाडताना कोणी केबल उपसली तरी परत त्याच भोकात जाते.